लँकेस्टरची वंशावळ

वंशावळ काढताना पुरुषाला चौकोन आणि बाईला वर्तुळ. आजारी माणसाचं चिन्ह आतून काळं करायचं, निरोगी असेल तर पांढरं ठेवायचं. गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. मनोविकार विभागात समाजकार्यकर्ती म्हणून नोकरी करताना केस पेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी अशा वंशावळी काढत आले. उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणारा पेशंट असला, म्हणजे ज्याला आता सगळे बायपोलर म्हणतात तो आजार असला, की डॉक्टर सांगायचे, "हिस्टरी नीट घ्या, तीन पिढ्यांची." तीन पिढ्यांची हिस्टरी सहज कुणी देत नाही. एक काका घर सोडून गेलेले असतात. एक आत्या विहिरीवर पाय घसरून गेलेली असते. आजोबांच्या अंगात यायचं. कधी ते खरोखर तसंच असतं, कधी त्यामागे कुणी न उच्चारलेला आजार असतो. सगळं सांगून झालं की घरातलं कुणीतरी, बहुतेकदा आई किंवा बायको, आवाज खाली आणून विचारते, "ताई, हे रक्तातूनच आलंय का? धाकट्याचं लग्न ठरत आलंय."

या प्रश्नाच्या उत्तरासाठी जगात कुठे, कुणी, कसे कष्ट घेतले आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे समजून घेणं मी माझ्या कामाचाच भाग मानला. त्या शोधातला सर्वांत शिकवणारा अध्याय घडला अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, लँकेस्टर कौंटीत.

लँकेस्टरचे ओल्ड ऑर्डर अमिश हे अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमधून आणि ऱ्हाइनकाठच्या जर्मन मुलखातून आलेल्या मोजक्या कुटुंबांचे वंशज. शेती, घोड्याची बग्गी, घरात विजेची तार नाही, मुलांचं शिक्षण आठवीपर्यंत आणि सोयरीक पंथातल्या पंथातच. घरं लेकुरवाळी, सहा-सात भावंडं ही सामान्य गोष्ट. कोण कुणाचा नातू, कुणाची सून कोणत्या घरची, याच्या नोंदी ते पिढ्यान्‌पिढ्या जपत आले आहेत. दारू आणि नशेचे पदार्थ जवळजवळ नाहीत. हा शेवटचा मुद्दा आमच्या कामात फार मोठा असतो. माणूस पीत असला की उन्माद कुठला आणि दारूचा अंमल कुठला, हे वेगळं काढताना दमछाक होते. लँकेस्टरमध्ये ही अडचण नव्हती.

जॅनिस एगलँड या वैद्यकीय समाजशास्त्रज्ञ. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे व्हिक्टर मॅक्क्युसिक अमिश घरांतल्या आनुवंशिक आजारांचा अभ्यास करत होते. त्या कामातून एगलँड यांची या समाजाशी ओळख झाली आणि ती आयुष्यभराची ठरली. 1976 मध्ये त्यांनी अमिशांमधल्या भावविकारांचा अभ्यास सुरू केला. त्या वेळी तिथली वस्ती होती साधारण 12,000. एगलँड घराघरांत जात, स्वयंपाकघरात बसत, शेजारपाजारच्यांकडून, धर्मगुरूंकडून, रुग्णालयाच्या कागदांतून एकेका माणसाची हकिगत जमवत. मग ती हकिगत मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळापुढे जायची. हा माणूस कुणाचा कोण, त्याच्या घरात आणखी कोण आजारी, हे त्या तज्ज्ञांना कळू दिलं जात नसे. निदानावर नात्याची छाया पडू नये, एवढ्यासाठी ही शिस्त.

निदानाच्या बाबतीत एगलँड आणि त्यांचे सहकारी मनोविकारतज्ज्ञ अब्राम होस्टेटर यांना जे दिसलं, ते मी नव्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. रुग्णालयांच्या जुन्या कागदांवर यातल्या बहुतेक बायपोलर पेशंटांना स्किझोफ्रेनियाचं लेबल लागलेलं होतं. बाहेरच्या डॉक्टरांना अमिशांचा उन्माद ओळखूच येत नव्हता. शहरातला पेशंट बेभान खरेदी करतो, जुगारात पैसा उडवतो. अमिश माणूस बग्गीचा घोडा नको तेवढा दामटतो, सार्वजनिक फोनवर तासन्‌तास बोलतो, पंथाला वर्ज्य असलेलं यंत्र विकत घेऊ बघतो, भलत्याच मोसमात भेटवस्तू देत सुटतो किंवा ऐन शेतीच्या दिवसांत प्रवासाचे बेत आखतो. त्यांच्या समाजात ही वागणूक किती मर्यादेबाहेरची आहे, हे तिथे राहिल्याशिवाय समजत नाही. आमच्याकडे उन्माद चढलेला माणूस खिशात पैसा नसताना ट्रॅक्टरचा सौदा करून येतो, रात्री दोनला सगळ्या सोयऱ्यांना फोन लावतो, कुणाला न विचारता गावजेवणाचं आमंत्रण देऊन मोकळा होतो. आजार तोच. तो दिसतो मात्र त्या त्या गावच्या रीतीप्रमाणे, आणि गावची रीत ठाऊक असलेल्यालाच तो ओळखता येतो.

1985 मध्ये एगलँड आणि त्यांचे सहकारी जेम्स ससेक्स यांनी 1880 ते 1980 या शंभर वर्षांतल्या अमिश आत्महत्यांची नोंद प्रसिद्ध केली. एकूण 26. त्यांतल्या जवळजवळ तीनचतुर्थांश अवघ्या चार घराण्यांत होत्या. अमिश स्वतः म्हणतच होते की हे रक्तात आहे. पण त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट होती: भावविकारांनी तितकीच ग्रासलेली काही घराणी अशी होती, की तिथे एकही आत्महत्या नव्हती. आजाराचं ओझं सारखं असूनही शेवट सारखा नव्हता. मला हा निष्कर्ष पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो.

इथे थोडं मागे, जर्मनीत जायला हवं. 1899 मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत उन्माद आणि नैराश्य यांना एकाच आजाराच्या दोन अवस्था ठरवलं. फ्रान्समध्ये फालरे आणि बायार्जे यांनी 1854 मध्येच ही सांगड घातली होती, पण वैद्यकात ती रुजली क्रेपेलिन यांच्यामुळे. त्यांनी 1917 मध्ये म्युनिकला मनोविकार संशोधन संस्था स्थापन केली. तिथल्या वंशावळ विभागाचे प्रमुख अर्न्स्ट ऱ्युडिन. शेकडो रुग्णांच्या कुटुंबांची माहिती गोळा करून त्यांनी 1922 ते 1925 या काळात या आजाराच्या आनुवंशिकतेवर एक मोठा प्रबंध रचला. मेंडेलच्या साध्या नियमांत आजार बसेल, भावंडांतल्या आजारी-निरोगींचं ठरावीक प्रमाण निघेल, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे तसे निघाले नाहीत. प्रबंध छापला गेला नाही. संस्थेच्या दप्तरात पडून राहिलेल्या त्या हस्तलिखिताचा सविस्तर अभ्यास 2015 मध्ये जगापुढे आला.

आकडे दप्तरात राहिले आणि मत मात्र बाहेर पडलं. 14 जुलै 1933 रोजी नाझी सरकारने आनुवंशिक रोग्यांची संतती रोखण्याचा कायदा केला. त्यावरचं अधिकृत भाष्य लिहिणाऱ्या तिघांत ऱ्युडिन होते. ज्या आजारांसाठी सक्तीने नसबंदी करायची, त्यांच्या यादीत उन्माद-नैराश्याचा आजार होता आणि एका जनुकाने होणारा हंटिंग्टनचा आजारही होता. खास न्यायालयं नेमली गेली आणि सुमारे 4 लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. पुढे 1940 आणि 1941 मध्ये सहा केंद्रांत विषारी वायू सोडून 70,000 हून अधिक रुग्णांना मारण्यात आलं. हातात पेन घेऊन कुणाच्या घराण्याची वंशावळ काढताना हे मला आठवल्याशिवाय राहत नाही. काळं केलेलं चिन्ह चुकीच्या हातात पडलं, तर त्याचा हुकूमनामा होतो.

युद्धानंतर आनुवंशिकतेचं नाव काढायलाही मनोविकारशास्त्र कचरत होतं. विषय पुन्हा उभा राहिला तो जुळ्यांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांनी. 1977 मध्ये डेन्मार्कच्या बर्टेलसेन आणि सहकाऱ्यांनी जुळ्यांचे आकडे दिले. एकबीज जुळ्यांत एकाला आजार असला तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण सुमारे 67 टक्के, द्विबीज जुळ्यांत सुमारे 20 टक्के. त्याच वर्षी बेल्जियममधल्या दत्तक मुलांच्या अभ्यासात आजाराचा धागा वाढवणाऱ्या आईबापांपेक्षा जन्मदात्यांशी जास्त जुळलेला दिसला. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, याबद्दल आता शंका उरली नाही. पण 67 म्हणजे 100 नव्हे. जनुकं शब्दशः तीच असूनही तिघांपैकी एकाच्या वाट्याला आजार येत नाही.

मग हत्यार मिळालं. 1980 मध्ये डेव्हिड बॉटस्टीन आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या डीएनएवरच्या खुणा वापरून जनुकाचा ठावठिकाणा काढायची रीत मांडली. गुणसूत्रावर जवळजवळ असलेल्या दोन जागा आईबापाकडून मुलाकडे बहुधा जोडीनेच जातात. तेव्हा मोठ्या घराण्यात एखादी खूण आजाऱ्यांपाशीच पुन्हा पुन्हा सापडली आणि निरोग्यांपाशी सापडली नाही, तर आजाराचं जनुक त्या खुणेच्या आसपास असलं पाहिजे. ही जोडी योगायोगाची असण्याची शक्यता किती, हे लॉड नावाच्या आकड्याने मोजतात. 3 म्हणजे हजारास एक अशी बाजू, 4 म्हणजे दहा हजारांस एक. 1983 मध्ये व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या आणि अमेरिकेतल्या कुटुंबांचं रक्त तपासून जेम्स गुसेला आणि सहकाऱ्यांनी हंटिंग्टनची खूण चौथ्या गुणसूत्रावर शोधली. सगळ्यांचा हुरूप वाढला. आता पुढचा आजार कोणता?

लँकेस्टरची वंशावळ तयारच होती. एगलँड यांच्याबरोबर एमआयटीचे डेव्हिड हाउसमन आणि डॅनिएला गेर्हार्ड, येलचे केनेथ किड आणि डेव्हिड पॉल्स आले. अमिशांच्या रक्तातल्या पेशी न्यू जर्सीतल्या कॅम्डेनच्या कोरिएल संस्थेत वाढवून जतन करण्यात आल्या. 110 क्रमांकाच्या घराण्यातल्या 81 जणांची तपासणी झाली. त्यांत 19 जण आजारी. 26 फेब्रुवारी 1987 च्या 'नेचर'मध्ये निबंध आला: अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेच्या टोकाला दोन खुणा, एक इन्शुलिनच्या जनुकाची आणि एक एच-रास नावाच्या जनुकाची, त्यांच्यालगत बायपोलर आजाराचं जनुक असावं. लॉड 4 च्या पुढे. त्याच भागात मेंदूतलं डोपामिन हे रसायन तयार करण्याच्या वाटेवरचं एक महत्त्वाचं जनुक बसतं, त्यामुळे सगळं एकमेकांत बसल्यासारखं वाटलं. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर बातमी दिली. त्याच अंकात आणखी दोन निबंध होते, एक आइसलँडच्या कुटुंबांवर आणि एक इतर अमेरिकी कुटुंबांवर. दोन्हींत ती खूण आजाराबरोबर जात नव्हती. पण ते निबंध मागे पडले. काही आठवड्यांतच इस्रायलमधल्या कुटुंबांवरून एक्स गुणसूत्राचा दावा आला.

आणि मग लँकेस्टरमध्ये माणसं जगत राहिली. याच गोष्टीसाठी मला हा इतिहास सांगायचा आहे. हा आजार बहुधा विशीच्या आसपास तोंड दाखवतो, पण त्याला वयाची ठाम सीमा नाही. तीस, चाळीस, पन्नास, केव्हाही. वंशावळीतलं पांढरं चिन्ह म्हणजे फक्त एवढंच, की आजपर्यंत हा माणूस बरा आहे. निबंध छापून झाल्यावर त्या घराण्यातले दोन जण आजारी पडले. निरोगी म्हणून मोजलेले, आणि आजाऱ्यांबरोबरची ती खूण अंगात नसलेले. दोन चिन्हं पांढऱ्याची काळी झाली आणि आकडा ढासळला. शिवाय घराण्याच्या आणखी शाखा तपासल्या, तेव्हा तिथे जोडी जमेचना. 16 नोव्हेंबर 1989 च्या 'नेचर'मध्ये जॉन केल्सो पहिलं नाव असलेला निबंध आला: अकराव्या गुणसूत्राचा पुरावा आता टिकत नाही. लेखकांच्या यादीत एगलँड होत्या, गेर्हार्ड, पॉल्स, किड आणि हाउसमनही होते. ज्यांनी शोध लावला, त्यांनीच त्याच नियतकालिकात, आपापल्या सहीने तो मागे घेतला. एक्स गुणसूत्राचा दावा करणाऱ्या गटानेही 1993 मध्ये आपला पुरावा दुबळा झाल्याचं स्वतः छापलं.

पुष्कळ ठिकाणी ही कथा फजितीची म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. म्युनिकचे आकडे सिद्धांताशी जुळले नाहीत तेव्हा ते दप्तरात गेले, आणि माणसांवर शस्त्र चाललं. लँकेस्टरचे आकडे जुळेनासे झाले तेव्हा ते जगापुढे आले, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. उलट सगळ्या क्षेत्राला शहाणपण आलं. 1933 च्या त्या यादीने हंटिंग्टन आणि उन्माद-नैराश्य यांना एका ओळीत बसवलं होतं. खरंच एका जनुकाने होणारा आजार कसा सापडतो, हे 1983 ने दाखवलं. हा आजार त्या जातीचा नाही, हे 1989 ने दाखवलं. जो फरक आधीच्यांनी लपवला, तो आपली फसलेली बाजू उघड करणाऱ्यांनी सिद्ध केला. रुग्णांच्या बाजूने याहून मोठं काम मला दिसत नाही.

अमिशांनीही दार लावून घेतलं नाही. 1996 मध्ये त्याच घराण्यांवर सगळ्या गुणसूत्रांचा शोध प्रसिद्ध झाला. एक जनुक नाही, अनेक जागांचे थोडे थोडे हात दिसतात, असं त्याने सांगितलं. 1998 मध्ये त्या गटाने प्रश्न उलटा विचारला: इतक्या आजाऱ्यांच्या घरात राहून काही जण बरे राहतात, त्यांना सांभाळणारं काही आहे का? एगलँड यांनी बायपोलर आईबापांची मुलं लहानपणापासून सोळा वर्षं पाहिली. आजार उमटण्याच्या आधी झोप, भीती, मूड यांत काय बदलतं, ते टिपलं. 2014 मध्ये तर या घराण्याच्या संपूर्ण जिनोमचं वाचन झालं. एका पंथातलं, एका रक्ताचं घर, आणि तरीही सगळ्या आजाऱ्यांना लागू पडणारं एक कारण हाती लागलं नाही.

त्यानंतर शोध घराण्यांकडून गर्दीकडे वळला. 2008 मध्ये काही हजार रुग्णांच्या अभ्यासातून चेतापेशींतल्या कॅल्शियमच्या वाटांशी संबंधित एक जनुक पुढे आलं. 2021 मध्ये 41,917 रुग्णांच्या अभ्यासातून जिनोमवरच्या 64 जागा मिळाल्या. 2025 मध्ये 1,58,036 रुग्ण आणि जवळपास 28 लाख इतर माणसं तपासून 298 जागा. प्रत्येक जागेचा वाटा इतका बारीक, की एकट्याने तिचा काहीच पाड नाही. या जागा तुमच्यामाझ्यात, सगळ्यांतच कमीअधिक विखुरलेल्या आहेत. दुसऱ्या टोकाला अतिशय विरळा पण जोरदार बदलही आहेत. 2022 मध्ये एकेएपी-11 हे जनुक तसं सापडलं. ज्या रसायनाच्या साखळीवर या आजारासाठी दिली जाणारी लिथियमची गोळी काम करते, तिच्याशी त्याचा संबंध आहे. औषधाच्या दृष्टीने ही आशेची जागा आहे.

म्हणून लग्नाचं विचारणाऱ्या घराला मी सरळ आकडे सांगते. सर्वसाधारण लोकांत हा आजार शंभरात एकाच्या आसपास. सख्खा भाऊ, बहीण, आई किंवा वडील आजारी असतील तर शंभरात पाच ते दहा. म्हणजे नव्वद किंवा त्याहून अधिक जणांना तो होत नाही. कोणत्याही प्रयोगशाळेत रक्त देऊन अमक्याला होईल, तमक्याला होणार नाही, असं आज ठरवता येत नाही. जे घर काही लपवत नाही, त्या घरात झोप उडाली की लगेच लक्ष जातं, लिथियमची लेव्हल वेळेवर तपासली जाते, आणि पुढचा झटका आटोक्यात येण्याची शक्यता वाढते. वंशावळीचा उपयोग आहे तो यासाठी: कुणाला लवकर सांभाळायचं, हे कळावं. कुणाला नाकारायचं, हे ठरवायला ती अपुरी आहे, आणि शंभर वर्षांच्या संशोधनाने ते वारंवार सिद्ध केलं आहे.

आता पाळी आपली आहे. 2025 च्या त्या मोठ्या अभ्यासातले गट होते युरोपीय, पूर्व आशियाई, आफ्रिकन अमेरिकन आणि लॅटिनो वंशाच्या लोकांचे. दक्षिण आशियाचा गट त्यात नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत 2016 पासून, एकाहून अधिक आजारी माणसं असलेल्या कुटुंबांचा दीर्घ अभ्यास सुरू आहे. त्यात रक्त घेतात, पेशी वाढवतात, आणि माणसांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा भेटतात. अशी कामं आपल्याकडे वाढायला हवीत आणि मराठी घरांनी त्यात यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. अमिशांनी दिलं तसं आपणही द्यावं: स्वतःचं रक्त, घरातली खरी हकिगत, विहिरीवर पाय न घसरलेल्या आत्याचं नावसुद्धा. पण देताना संशोधकाला समोर बसवून दोन गोष्टी विचाराव्यात. आमच्या घराची ही माहिती कुणाच्या हाती जाणार नाही, याची लेखी हमी आहे का? आणि उद्या तुमचं उत्तर चुकीचं निघालं, तर तेही पहिल्याइतक्याच ठळकपणे, स्वतःच्या सहीने छापाल का? दोन्हींना हो म्हणणाऱ्यालाच आपल्या तीन पिढ्या सांगाव्यात.